आमची वाटचाल : ट्रेडल, पावती पुस्तकं आणि तळमजला

गिरण्या गेल्या आणि मॉल आले, हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्यावर पुस्तकं निघाली, परिसंवाद झाले. पण मधल्या काळात लालबाग-परळची माणसं कशावर पोट भरत होती आणि त्यांची हँडबिलं, लेबलं, पावत्या, अहवाल कोण छापत होतं, याबद्दल कोणी एक ओळ लिहिलेली माझ्या वाचनात नाही. आम्ही छापत होतो. सगळं नाही, पण बरंचसं. छापखाना वडिलांनी १९६४ साली लालबागला चाळीच्या तळमजल्यावर काढला. मी १९७८ पासून गल्ल्यावर आहे, आता मुलगा आणि सून बघतात.

सामान म्हणाल तर दोन ट्रेडल, म्हणजे कागद हाताने लावायची छपाईची यंत्रं, एक हातकटर, प्रूफ काढायचा रूळ आणि भिंतभर केसेस, म्हणजे टाईप ठेवायचे कप्प्यांचे खण. टाईप, म्हणजे शिशाचे अक्षरांचे खिळे, गिरगावातल्या फाउंड्रीतून यायचा. डिग्री टाईप, म्हणजे मात्रा-वेलांट्या जपून बसवायच्या, नाहीतर पहिल्या शेकड्यातच लटकता भाग तुटतो. पहिल्या दिवसापासून वडिलांबरोबर होते ते आमचे कंपोझिटर, खिळे जुळवणारे. संगमेश्वरकडचे. सगळा भाग त्यांना मामा म्हणायचा. कागदावर भागीदार नव्हते, पण वडील त्यांना विचारल्याशिवाय रिमाचा भावही ठरवत नसत. मामांना मजकूर उलटा जितका भरभर वाचता यायचा तितका सुलटा यायचा नाही.

गणपतीच्या अहवालात खरी परीक्षा. देणगीदारांच्या यादीत प्रत्येक नावामागे ‘श्री.’ लागतो. एका पानावर पन्नास-साठ नावं, म्हणजे तितके ‘श्री’. दुसऱ्या पानाला केस रिकामी. म्हणून वडिलांनी फाउंड्रीतून नुसता ‘श्री’ जादाचा ओतून घेतला होता, वजनावर. तरी चार पानांचा फर्मा, म्हणजे एकदम छापायचा जुळवलेला मजकूर, छापायचा, सोडायचा, धुवायचा आणि तेच ‘श्री’ पुढच्या फर्म्याला लावायचे, असं रात्ररात्र चालायचं. आमच्या भागात चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेश गल्ली १९२८ ची, लालबागचा राजा १९३४ चा. गल्लीबोळांतली लहान मंडळं वेगळीच. शिवाय कबड्डीच्या स्पर्धा, भजनी मंडळं, शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांची पातळ गुलाबी कागदावरची हँडबिलं आणि प्रत्येक गावाचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ. गिरणीचं थेट काम आम्हाला फार कधी नव्हतंच. गिरणीत राबणाऱ्या माणसाच्या हौसेवर आमचा छापखाना चालायचा. पगार झाला की हौस, हौस झाली की छपाई.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पहिले दोन-तीन महिने आम्हाला कामच काम होतं, सभांची हँडबिलं, मोर्च्याची पत्रकं. त्याचे पैसे मागायचे नाहीत, असं वडिलांनी ठरवलेलं. नंतर माणसं गावाकडे निघाली आणि काम थांबलं. कबड्डी बंद, भजनाची हँडबिलं बंद, लग्नं गावाला साध्या पत्रावर. पावती पुस्तकं छापली तरी फाडणार कोणाकडे? हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. त्यामुळे ‘संप संपल्यावर बघू’ म्हणून ज्यांनी उधारी ठेवली, त्यांना द्यायची तारीख कधी उजाडली नाही. भंगारवाला मात्र नेमाने यायचा. शिशाचा भाव सांगायचा आणि केसेसकडे बघत उभा राहायचा. आमच्या ओळखीच्या दोन छापखान्यांनी टाईप विकला. किलोवर. वडिलांनी एक ट्रेडल विकायचं बोलणं जवळपास पक्कं केलं होतं.

तेव्हा आमचा छापखाना तरला तो एका खानावळवाल्या मावशींमुळे. मावशींची खानावळ पलीकडच्या चाळीत. आम्ही त्यांना खाड्याची कार्डं छापून द्यायचो. जाड पिवळा पुठ्ठा, एकतीस रकाने, प्रत्येकाचे दोन भाग, सकाळ आणि रात्र. मेंबर जेवला नाही तर फुली, म्हणजे तेवढा खाडा. संपात मेंबर गावाला गेले, काही जण तीन-तीन महिन्यांची बाकी ठेवून. मावशींनी ती कार्डं फाडली नाहीत, सुतळीने बांधून ठेवली. आणि मसाला करायला लागल्या. मिरची डंकावर कुटून आणायची, घरी चाळायची, पाव किलोची पिशवी. एकदा आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, दुकानदार म्हणतो वर नाव पाहिजे. नाव नसेल तर भाव पाडतो.’’

ते लेबल मी आजही कोणालाही दाखवतो. दोन रंग. लाल आधी, तो रात्रभर वाळवायचा, मग हिरवा. मिरचीच्या चित्राचा जस्ताचा ब्लॉक करून आणला होता. देठ हिरवा, मिरची लाल, आणि ट्रेडलवर त्या दोघांचं रजिस्टर बसवायचं, म्हणजे दोन्ही रंग नेमक्या जागी आणायचे. कागद हाताने लावायचा, सुताएवढा हलला की देठ मिरचीपासून सुटतो. मामांनी पिना ठोकून, कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून ते जे बसवलं, तसं आज कॉम्प्युटरवर बसवणारे मी पाहतो आणि गप्प राहतो. पैसे मावशी दर शनिवारी द्यायच्या, पिशव्या विकल्या जातील तसे. कधी पाच रुपये, कधी बारा. एक शनिवार चुकला नाही.

मावशींचं लेबल बघून दुसऱ्या आल्या. पापडवाल्या, कुळथाच्या पिठाच्या, घाटी मसाल्याच्या, मग दिवाळीचा फराळ. ज्यांचे नवरे घरी बसले होते त्या बायकांनी आपल्या गावची चव पिशवीत भरून विकली. त्यातल्या काहींचा माल पुढे दादरच्या दुकानांत लागला. शहराचा कायापालट म्हणतात तो काचेच्या इमारती आल्यावर झाला, असं कोणाला वाटत असेल तर त्याने १९८३ सालची आमची वही बघावी. अर्थात ती वही कोणत्याच सरकारी आकडेवारीत नाही.

पुढची पंधरा-वीस वर्षं धंदा बरा चालला. मिनी ऑफसेट घेतलं, डीटीपी आलं, बहिणींची लग्नं झाली.

आता समोरच्याबद्दल. नाव लिहीत नाही, भागातल्या लोकांना कळेलच. हा मुलगा आमच्याकडे कागद लावायला होता. शाई कशी घोटायची, रोलर उन्हाळ्यात कसा सांभाळायचा, सगळं मामांकडे शिकला. मग गेला, हरकत नाही, सगळेच जातात. पण त्याने गाळा घेतला तो आमच्या बरोब्बर समोर, आणि २००४ च्या सुमारास फ्लेक्सचं मशीन आणलं.

तो नुसता स्वस्तात छापायचा म्हणून हा प्रकार झाला नाही. त्याच्या मागे जमिनीचा पैसा होता. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, बांधकामाखालच्या जमिनीची नाही. २००५ ला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या लिलावात गेल्या आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. भागात बिल्डर आले. बिल्डर आले म्हणजे मंडळाच्या अहवालाला जाहिराती आल्या. मलपृष्ठ रंगीत, आतलं पान रंगीत, मधलं जोडपान रंगीत. आर्ट पेपर पाहिजे, लॅमिनेशन पाहिजे, पहिल्या पानावर भागातल्या पुढाऱ्याचा, भाऊंचा, फोटो पाहिजे. ‘श्री.’ची यादी गेली मागे, बारीक टाईपात.

समोरच्याने हे आमच्या आधी ओळखलं, एवढं मी मानतो. मंडळाला तो म्हणायचा, अहवाल पडत्या भावात देतो, मंडपाचे फ्लेक्स फुकट, फक्त जाहिराती मी गोळा करणार. छपाईत तोटा आणि जाहिरातीच्या कमिशनमध्ये फायदा. मी कार्यकर्त्यांना समजावत होतो की अरे, हा तुमचाच पैसा तुम्हाला फुकट म्हणून देतोय. कोणाला ऐकायचं नव्हतं. वर सांगत फिरायचा, ‘काकांकडचे खिळे झिजलेत.’ वडिलांच्या वेळेपासूनची मंडळं एकामागून एक तिकडे गेली. ज्या मंडळाचा अहवाल संपाच्या वर्षी आम्ही उधारीवर छापून दिला, ज्याची उधारी अजून वहीत आहे, तेही गेलं. आणि कळस म्हणजे भागातल्या एका कार्यक्रमात याला शाल-श्रीफळ दिलं, ‘गिरणगावातील जुने मुद्रक’ म्हणून! सत्काराच्या पत्रिकेवर फोटो कोणत्या मशीनचा? आमच्या ट्रेडलचा. मामा तेव्हा थकले होते, पण त्यांनी ती पत्रिका घडी घालून खिशात ठेवली आणि ज्याला त्याला दाखवत फिरले, ‘‘हँडल बघा, हँडलला माझी चिंधी बांधलेली आहे.’’

मग गल्लोगल्ली फ्लेक्सची मशीनं झाली, भाव चौरस फुटाला रुपयांवर आला, बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. समोरचा गाळा बंद झाला. आता तो डोंबिवलीला असतो. गणपतीत भेटतो, चांगलं बोलतो. मीही बोलतो.

तोवर गिरण्यांच्या आवारात जाहिरात कंपन्या, डिझाइनचे स्टुडिओ, रेस्टॉरंटं बसली होती. आधी त्यांच्याकडून काम आलं नाही, माणसं आली. टाईपच्या केसेस विकत मागायला. भिंतीवर लावून त्यात कुंड्या ठेवायच्या म्हणे. एकाने दर केसला जो भाव सांगितला तो भंगारवाल्याच्या कितीतरी पट होता. दिल्या नाहीत. ज्यांच्याकडे अजून केसेस असतील त्यांना न विचारता सांगतो, देऊ नका. भिंतीवर गेलेली केस परत येत नाही, आणि तुमच्याकडे टाईप नसेल तर तुम्ही झेरॉक्सवाले.

काम आलं ते २०१३ च्या आसपास. स्टुडिओतली एक मुलगी कार्ड घेऊन आली, बोट फिरवून दाखवलं आणि म्हणाली, असा खड्डा पाहिजे. मामा निवृत्त होते, दुपारचे येऊन बसायचे. त्यांनी कार्ड उलटं केलं, मागे उठलेली अक्षरं चाचपली आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. आमच्या धंद्यात मागे उठाव दिसला तर कंपोझिटर बोलणी खायचा. टिश्यू लावून, पॅकिंग कमी-जास्त करून, टाईपाने कागदाला नुसतं टेकावं म्हणून या माणसाने जन्म घालवला. आणि आता दाब दिसावा म्हणून दुप्पट पैसे? मामा म्हणाले, ‘‘छापायला सांगते की टोचायला?’’ पण संध्याकाळी स्वतःच ट्रेडलपाशी उभे राहिले. जाड कापसाचा कागद, मागे कडक पॅकिंग, टाईप दबू नये म्हणून पॉलिमरची प्लेट. चौथ्या-पाचव्या कार्डाला मुलगी खूश. मामांनी शेवटपर्यंत ते काम चांगलं म्हटलं नाही, पण कोणाला करूही दिलं नाही.

त्या कामाने छापखाना पुन्हा उभा राहिला, हे खरं. पण या सर्जनशील मंडळींचं एक आहे. कार्ड उद्या पाहिजे, पैसे तीन महिन्यांनी. खानावळवाल्या मावशी शनिवारी पाच रुपये आणून द्यायच्या आणि यांच्या अकाउंट्समधला मुलगा सांगतो, ‘सर, सिस्टिममध्ये अडकलंय.’ एका स्टुडिओला आम्ही छापलेल्या कामावर बक्षीस मिळालं, त्यात छापखान्याचा उल्लेखही नाही. म्हणून लहान छापखानेवाल्यांनो, लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांची, करार नसेल तर पंधरा. आणि आता तर वेळेत पैसे दिले नाहीत तर त्यांना तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा दाखवता येत नाही. मार्च महिन्यात ही एवढीच ओळ मेलवर पाठवा, सिस्टिम सुटते. आणि कोटेशनमध्येच लिहा की काम कुठे दाखवलं तर मुद्रकाचं नाव द्यायचं.

२०२० ला पुन्हा सगळं ठप्प झालं. लालबागच्या राजाची मूर्ती त्या वर्षी बसली नाही, मंडळाने आरोग्योत्सव घेतला. लहान मंडळांनी पावती पुस्तकं छापली नाहीत, क्यूआर कोड चिकटवले. सुनेने तेव्हा मावशींच्या लेबलाचा जुना ब्लॉक शोधून काढला, कारण लॉकडाऊनमध्ये पुन्हा घरोघरी मसाले-फराळ विकायला सुरुवात झाली होती. पावती पुस्तकंही दोन वर्षांनी परत आली. फोनवर पैसे टाकले तरी पावती हातात पाहिजे, असं वर्गणी देणारे म्हणतात.

आता चाळीचा पुनर्विकास आहे. बिल्डरचा माणूस आराखडा घेऊन आला होता. आम्हाला गाळा दिलाय दुसऱ्या मजल्यावर, ‘कमर्शियल, काका, मस्त व्ह्यू’. ट्रेडल लिफ्टमध्ये जात नाही आणि स्लॅबवर चालवलं तर खालचा तक्रार करणार. मी तीन गोष्टी लिहून मागितल्यात. तळमजला, जमिनीवर मशीनचा पाया आणि माल उतरवायला रस्त्याकडे शटर. त्याने दोन मान्य केल्यात. शटर सोसायटीच्या प्रवेशद्वाराच्या बाजूला येतं म्हणून तिथे चांगलं दिसणार नाही, असं त्याच्या आर्किटेक्टचं म्हणणं. पुढची बैठक गणपतीनंतर आहे, कारण त्याआधी मला वेळ नाही, दोन मंडळांचा मजकूर यायचा आहे आणि नेहमीप्रमाणे उशिरा येणार आहे.