आईच्या ताटातले अळसांदे

आज शुक्रवार असल्याने सकाळीच गोव्यातल्या म्हापशाच्या आठवडी बाजारात गेलो आणि गावठी अळसांदे (चवळीच्या जातीचे कडधान्य) घेऊन आलो. आईला ७८ वे वर्ष लागले आहे. दात कमकुवत झाल्यापासून तिचे जेवण पेज आणि बिस्किटांवर आले होते आणि मला त्याची फार काळजी वाटत होती, कारण उतारवयात स्नायू झिजत असतात आणि नेमकी तेव्हाच ताटातली प्रथिने कमी होतात. शिजवलेल्या १०० ग्रॅम अळसांद्यांतून साधारण ७ ते ८ ग्रॅम प्रथिने मिळतात, शिवाय फोलेट हे ब-जीवनसत्त्व आणि भरपूर तंतू. या तंतूंमुळे पोट साफ राहायला मदत होते आणि जेवणानंतर रक्तातली साखर हळूहळू चढते. भातात आणि पावात कमी असलेले लायसीन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कडधान्यातून भरून निघते, म्हणून तोणाक (कडधान्याची रस्साभाजी) आणि पाव ही आपली जोडी मला खरोखरच शहाणपणाची वाटते. अळसांदे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, दोन बोटांत दाबताच पीठ व्हावे इतके मऊ शिजवले की वायूचा त्रासही कमी होतो. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.) दुपारी आईने वाटीच्या तळाशी राहिलेला रस पावाच्या तुकड्याने टिपून घेतला आणि आणखी वाढायला सांगितले.