पट्टीखालचा गंज

धायरी फाट्याजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये गाडीची बाह्य सजावट करून घ्यायला येणारा माणूस बहुधा काय बसवायचे ते ठरवूनच येतो. गेल्या उन्हाळ्यात धनकवडीहून आलेली तरुणीही तशीच आली होती. नुकतीच नोकरी लागलेली, वडिलांची २००८ सालची पांढरी अल्टो पहिल्यांदाच तिच्या हाती आलेली आणि खर्चाची मर्यादा १२,००० रुपये. चौदा इंची अलॉय व्हील, डिकीवर स्पॉयलर (शोभेची पंखासारखी पट्टी), बॉनेटला मॅट काळी फिल्म आणि काचांना गडद फिल्म असे तिने ठरवले होते. बरोबर आलेले वडील गप्पच होते.

गडद फिल्मचा विषय लगेच संपला, कारण नियमाप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. अलॉयबद्दल मात्र मी तिला सविस्तर समजावले. या गाडीला कंपनीकडून बारा इंची चाके येतात आणि इंजिन अवघे ७९६ सीसीचे आहे. मोठे व जड चाक बसवले की पिकअप मंदावतो, पॉवर स्टिअरिंग नसल्याने गाडी वळवताना हात भरून येतात, आणि मागे माणसे बसली की टायर मडगार्डला घासण्याची भीती राहते. तिला ते पटले, पण चेहरा उतरला. तेव्हा मी म्हटले, “बेटा, आधी गाडी धुऊन घेऊ, मग बघू.”

धुताना माझे लक्ष दारांच्या खालच्या भागावर लावलेल्या रुंद प्लॅस्टिकच्या पट्ट्यांकडे गेले. शोभेसाठी कोणीतरी पूर्वी त्या दुहेरी टेपने चिकटवून वर स्क्रूही मारले होते. एका पट्टीच्या कडेतून पाणी थांबल्यावरही तांबूस ओघळ येत राहिला. हीट गनने टेप मऊ करून पट्टी उतरवली, तर आत कित्येक पावसाळ्यांचा चिखल घट्ट बसलेला होता आणि स्क्रूच्या छिद्रांभोवतीचा पत्रा बोटाने दाबताच भुगा होऊन पडला. दाराच्या तळाला पाणी निचरण्यासाठी असलेली छिद्रेही त्याच चिखलाने बुजली होती. वडील खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले. ही पट्टी तशीच ठेवून वरून स्पॉयलर बसवला असता, तर पुढच्या पावसाळ्यानंतर दार बदलण्याचीच वेळ आली असती.

आता १२,००० रुपयांतच पत्र्याचे कामही बसवायचे होते. सडलेला भाग कापून तुकडा वेल्ड केला, गंजरोधक प्रायमर मारला. दारांचा पूर्ण पॅनेल रंगवायचा तर अर्धे पैसे तिथेच जाणार होते. म्हणून दोन्ही बाजूंना दारांच्या खालच्या भागावर, चाकाच्या कमानीपासून कमानीपर्यंत, खडे उडून पत्रा सोलू नये म्हणून मारतात तो खरबरीत काळा लेप सरळ रेषेत मारला. वेल्डिंगचे डाग त्याखाली झाकले गेले आणि पांढऱ्या गाडीला काळा तळ मिळाला. तिला हवे असलेले काळे-पांढरे रूप बॉनेटऐवजी असे खाली उतरले, आणि माझ्या मते ते अधिक शोभले.

उरलेल्या पैशांत हेडलाइट साफ करायला घेतले. उन्हाने त्यांच्या पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक थर मरून ते पिवळे पडले होते. ८०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ३००० पर्यंत पाण्याने घासून, कंपाउंड म्हणजे चमक आणणारी पेस्ट मारून, शेवटी ऊन अडवणारा पारदर्शक यूव्ही क्लिअर कोट चढवला. हा शेवटचा कोट पैसे वाचवण्यासाठी कोणी टाळू नये, कारण त्याशिवाय काही महिन्यांतच पिवळेपणा परततो. लोखंडी रिम तारेच्या ब्रशने साफ करून चंदेरी रंगवले आणि नाना पेठेतून आणलेल्या साध्या व्हील कॅप बसवल्या. आरसे, वायपरखालची जाळी, दारांची हँडल, सारे काळे प्लॅस्टिक उन्हाने राखाडी झाले होते. त्यालाही पुन्हा काळेपणा आणला.

संध्याकाळी एकूण हिशेब ११,४०० रुपयांचा झाला. स्पॉयलरची आठवण तिने काढली, पण वडिलांनीच विचारले की तो बसवायला डिकीला छिद्रे पाडावी लागतात का. लागतात, असे मी सांगितले. उरलेल्या ६०० रुपयांत तिने नवी वायपर पाती घेतली, आणि पाऊस सुरू होण्याआधी दारांखालची छिद्रे पातळ तारेने कशी मोकळी करायची ते वडिलांनी माझ्याकडून शिकून घेतले.