तरव्यात उतरल्यावर

१६ जुलै, वेंगुर्ले. रात्री.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा आज पुन्हा फोन. कथा महिनाअखेर हवी. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी कथालेखकाचं पंचांगच फिरवलं. बाहेर पाऊस कोसळतोय, भिंतींना ओल आलीय, मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद म्हणून ताटात सुकट, आणि आपण दिवाळीचा माल तयार करायचा. देतो म्हटलं. फोन ठेवला तरी वहीकडे बघवेना.

कथा अडलीय सासू-सुनेपाशी. सून भातलावणीसाठी मुंबईहून आलीय. तिथली खोली विकायचा विषय तिला सासूकडे काढायचाय. मी दोघींना ओटीवर बसवतो, हातात चहा देतो, समोरासमोर बघायला लावतो, की लगेच दोघी नाटकातल्यासारख्या बोलू लागतात. खोडतो. पुन्हा चहा.

लोक म्हणतात, तुम्हाला काय, खानोलकरांच्या मातीतले तुम्ही! कवी-कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर इथल्याच बागलांच्या राईत जन्मले, हे खरं. पण माती लिहीत असती तर तालुक्यात घरटी एक कादंबरी निघाली असती. उलट श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करायचे आणि कोकण लिहायचे. इथे राहण्याचा मला फायदा एवढाच, की एखादी गोष्ट ठाऊक नसली तर चार पावलं चालून विचारता येते. आज दुपारी तेच केलं.

शेजारच्या काकींच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, लावणी चालली होती. बांधावर छत्री घेऊन उभा होतो, तर काकी खालून ओरडल्या, ‘‘उभो रवान काय बघतंस? उतर खाली!’’ उतरलो. चिखल पोटऱ्यांपर्यंत. काकींनी तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी हातात कोंबली. तीन-चार काड्या सुट्या करायच्या, की झाला एक चूड; मुळं अंगठ्याने आणि दोन बोटांनी चिखलात दाबायची, पाऊल मागे घ्यायचं. लावणी मागे सरकत करतात हे लहानपणापासून बघतोय. पण वाकल्यावर काय काय होतं, ते वाकल्याशिवाय कळत नाही. नजर आपल्या हातांवरच असते. शेजारची बाई दिसत नाही, नुसती ऐकू येते. लांब वाक्य बोलायला दम पुरत नाही. काकींनी मला ‘‘आवशीची तब्येत कशी आसा?’’ असं विचारलं, आणि मी उत्तर देईपर्यंत चार चूड लावून झाले होते. त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ओटीवर तेवढा वेळ गप्प बसलो असतो तर काकी उठून आत गेल्या असत्या.

आणखी एक. सगळ्या बाया मागे मागे सरकत जातात, त्यामुळे जिचा हात सावकाश तीच पुढे उरते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आज तो मान माझा होता, आणि बायांनी त्याचा भरपूर उपभोग घेतला.

संध्याकाळी पाय धुऊन थेट वहीपाशी. सासू आणि सून आता कुणग्यात आहेत. सुनेची सवय मोडलेली, म्हणून ती पुढे एकटी उरलीय. सासू मागून बोलते, तिच्याकडे न बघता. ‘तिने रोखून पाहिलं’, ‘ती थरथरत म्हणाली’ ही सगळी फर्निचरं गेली. सून खोलीचं बोलते, सासू म्हणते, ‘‘ती जुडी दी.’’ बस्स. नकार आहे की नाही, ते मलाही अजून नक्की सांगता येत नाही, आणि म्हणूनच पुढचं लिहावंसं वाटतंय.

हुरूप टिकावा म्हणून मी आजवर पुष्कळ नेम धरले. पहाटे उठणं, रोज पानभर लिहिणं. नेम वाईट नाही, हात चालता राहतो. पण पानभर चहा लिहून कथा हलत नाही. आज हलली ती पात्राचे हात कुठे गुंतलेत हे कळल्यामुळे. कौशल्य वाढवायचं म्हणजे काय, तर माझ्यापुरतं एवढंच ठरवलंय: प्रत्येक कथेत एक काम असं घ्यायचं जे मला करता येत नाही, आणि ते करणाऱ्याकडे जायचं. संवाद, वर्णन, शेवट, सगळं एकदम सुधारायला बसलो की काहीच सुधारत नाही.

हेमिंग्वे म्हणे पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच दिवसाचं काम थांबवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात सोपी जाते. माझ्याकडे हे काम लाईट करते. आजही साडेनऊला गेली, सुनेच्या वाक्याच्या मधोमध. मेणबत्तीवर ही रोजनिशी तेवढी लिहितोय.

उद्या काकींना विचारायचं: तरवा कमी पडला तर कुणाकडे मागतात, आणि कुणाकडे मागत नाहीत? सासूचा पुढचा संवाद त्यावर अडलाय. शिवाय सगळं मोठ्याने वाचून बघायला हवं. सून मुंबईची, तिची मालवणी मला फार शुद्ध झाल्यासारखी वाटते. संपादकांनाही कळवायला हवं, कथा दोन पानं वाढणार.