खाट रिकामी होती, अडलं ते कागदावर (माझा अनुभव)

गोव्यात कसली आली थंडी, असं म्हणणाऱ्याने जानेवारीत पहाटे चार वाजता म्हापशाच्या बसस्टँडवर फरशीला पाठ टेकून बघावी. पारा फार उतरत नाही, हे खरं. पण दव पडतं, फरशी गार पडते आणि रात्री उपाशी झोपलेल्या म्हाताऱ्याला तेवढं पुरतं.

आम्ही ज्यांना अज्जा म्हणायचो ते मूळचे कर्नाटकातल्या गदगच्या बाजूचे. तरुणपणी बांधकामावर आले, हातपाय थकल्यावर शुक्रवारच्या बाजारात ओझी उचलू लागले, तेही जमेना तेव्हा बसस्टँडवर राहिले. त्यांची माझी ओळख टीचरमुळे झाली. टीचर म्हणजे आमच्या शेजारच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, चर्चच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत काम करणाऱ्या. ही सोसायटी 1833 साली पॅरिसमध्ये कॉलेजच्या मुलांनी सुरू केली. तिची रीत एकच, गरिबाकडे आपण स्वतः जायचं आणि तेही दोघांनी मिळून. टीचरच्या जोडीदारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांनी मला हाक मारली, “बाय, पिशवी धरायला तरी ये.” मी हिंदू, त्या ख्रिश्चन. पण चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला (मेरीमातेला) हिंदूही तेल वाहतात अशा गावात याचं कोणाला काही वाटत नाही. (एका माणसाला वाटलं. त्याच्याकडे येतेच.)

पिशवीत थर्मासमधला चहा, उंडे (गोव्याचे गोल पाव) आणि जाड सतरंजी असायची. ब्लँकेट वाटणाऱ्यांनो, जरा ऐका. नाताळच्या आठवड्यात अज्जांना इतकी ब्लँकेटं मिळाली की ती ठेवायची कुठे हा प्रश्न पडला. दिवसा ती चोरीला जातात, रात्री दवाने भिजतात. थंडी खालून येते, म्हणून आधी पुठ्ठा, प्लास्टिक, सतरंजी आणि मग वर काय ते. आणि हे सगळं तीन राजांच्या फेस्तानंतर, म्हणजे 6 जानेवारीनंतर द्या. खरी थंडी तेव्हाच असते आणि केक वाटणारे तेव्हा घरी गेलेले असतात.

सिस्टर लोकांच्या (नन्सच्या) एका आश्रमात खाट रिकामी होती. अज्जा आधी तयार नव्हते, “मला कोंडू नका” एवढंच म्हणायचे. टीचरनी मग कित्येक संध्याकाळी आश्रमाचा विषयच काढला नाही. फरशीवर त्यांच्याशेजारी बसायचं, चहा ओतायचा, बाजारात कुठली भाजी महागली ते विचारायचं. माझा जीव वर-खाली व्हायचा, टीचरना कसलीच घाई नव्हती. शेवटी अज्जांनीच विचारलं, “तिथे विडी चालते काय?” मग आश्रमात दाखल होण्यासाठी पोलिसांत नोंद झाली, सरकारी दवाखान्यात छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणीही झाली. टीबीची ही तपासणी फुकट होते, तिथे कोणाला पैसे देऊ नका.

राहिलं होतं एकच पत्र. हा माणूस निराधार आहे, असं एका सरकारी कचेरीने लिहून द्यायचं. कचेरीचं नाव मी लिहीत नाही, पण तिथल्या बाकाचा कुठला पाय डुगडुगतो ते अजून सांगू शकेन.

खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म दिला. कायमचा पत्ता, आधार क्रमांक, अर्जदाराशी नाते. टीचरनी पत्त्याच्या जागी “बसस्टँड” लिहिलं, नात्याची जागा कोरी ठेवली. फॉर्म परत आला. कोरं चालत नाही.

“नातं नाहीच, तर लिहायचं काय?”

“मग नातेवाईकांना घेऊन या.”

“नातेवाईक नाहीत, म्हणून तर पत्र हवंय.”

“तसं नातेवाईकांकडून प्रतिज्ञापत्र आणा.”

हे मी रचून सांगत नाही. कोणी नातेवाईक नाही, असं नातेवाईकांनी शपथेवर सांगायचं! पुढच्या खेपेला ते रजेवर, बदलीवर आलेल्या बाईंना फॉर्म कुठे ठेवलेत ते माहीत नाही. त्याच्या पुढच्या खेपेला आधार कार्डावर अडलं. अज्जांचं कार्ड कधीच हरवलेलं, नंबर पाठ नाही. नवीन काढायचं तर पत्ता हवा, पत्ता मिळणार आश्रमाचा, आश्रमात जायला हे पत्र आणि पत्राला आधार. मी हे सगळं बोटं मोजून समजावलं तेव्हा गृहस्थ म्हणाले, “बरोबर आहे तुमचं,” आणि चहाला गेले. परत येऊन हळूच विचारतात, “त्यांना बाटवणार-बिटवणार नाही ना?” माझं डोकंच फिरलं. टीचर मात्र शांतपणे म्हणाल्या, “त्यांचं नाव त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. तुम्ही फक्त शिक्का मारा.”

सुटलं ते असं. आश्रमाच्या सिस्टरनी आपल्या लेटरहेडवर अर्ज लिहिला, म्हणजे अर्जदार संस्था झाली आणि नात्याचा प्रश्नच मिटला. पोलिसांच्या नोंदीची आणि तपासणीची झेरॉक्स जोडली. आधार नाही, दाखल झाल्यावर काढून देऊ, असं स्पष्ट लिहिलं. दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख मागितली. तोंडी विचारणाऱ्याला हाकलता येतं, क्रमांक पडलेल्या कागदाला नाही. त्या क्रमांकावर माहितीच्या अधिकारात विचारणा केली तर 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हेही मी खिडकीत ऐकू जाईल इतक्या आवाजात टीचरना सांगितलं. फाइल आतल्या साहेबांकडे गेली आणि त्यांनी उभ्या-उभ्या सही केली. त्यांची काही हरकत नव्हतीच म्हणे! एवढे दिवस कोणी फाइल आत नेलीच नव्हती.

आधारचं पुढे सोपं निघालं. पत्त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला दाखला मान्यताप्राप्त निवारागृहाचा प्रमुखही देऊ शकतो, तो तीन महिने चालतो. सिमेंटने झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेईना. अज्जा प्रत्येक बोट सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवत होते. शेवटी बुबुळांवरून जुनाच नंबर सापडला. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं पेन्शन मात्र अजून लांब आहे, त्याला गोव्यात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. अज्जा त्याहून कितीतरी जास्त राहिलेत, पण ज्या इमारतींवर राबले त्यातल्या एकीनेही त्यांना पावती दिलेली नाही.

आश्रमात विडी चालत नाही. त्यावरून ते सिस्टरशी रोज भांडतात.

आणखी एक आठवलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. माणसाला विचारण्याआधी आश्रमात फोन करून खाट रिकामी आहे का ते पाहा. खाट पुरुषांच्या वॉर्डात आहे का, जिने चढावे लागतात का, सोबतचं गाठोडं आत घेऊ देतात का, हेही विचारा. अज्जांचं गाठोडं घेऊ दिलं, पण उकळत्या पाण्यातून काढून.