आमची वाटचाल : दिवाडीचं पाणी आणि रंग

आमच्या दिवाडी बेटावर यायला आजही पूल नाही. जुने गोवे, रायबंदर, नार्वे, कुठूनही या, फेरीबोटच. आमची जाहिरातही तीच! फेरी चुकलेला माणूस आमच्या चित्रांच्या दुकानात डोकावतोच.

चित्रकलेची शाळा मी पाहिलेली नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी गावात बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो, त्याचे झेंडे रंगवता रंगवता ब्रश हातात बसला. मग दुकानांच्या पाट्या, होड्यांवरची नावं. निसर्गचित्रं फावल्या वेळात. ती विकायची हे बायकोच्या डोक्यातलं. हिशेब, माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) कापणं, फ्रेम, गिऱ्हाइकाशी बोलणं आजही तिच्याकडे. मला किंमत सांगताना अजून संकोच वाटतो.

सुरुवातीला पणजीच्या एका दुकानदाराने समुद्रकिनारा, माड आणि मावळता सूर्य मागितला. बेट मांडवीच्या पात्रातलं, इथे पुळण कुठली? आमच्याकडे खाजन आहे : भरतीच्या पातळीखालची शेतं, त्यांना मातीचे बांध, बांधात मानस, म्हणजे पाण्याची झडप. भरतीच्या रेट्याने मानशीची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. मी तेच रंगवलं. ऑर्डर हातची गेली, आणि बायको बरेच दिवस तिरकंच बोलत होती.

मानशीपाशी पाणी माझ्यासाठी थांबत नाही. म्हणून पाण्याची रेघ सगळ्यात आधी मारतो. मग ते कितीही चढो, रेघ हलवत नाही. चिखलाला बर्न्ट सिएना, त्यात जरासा अल्ट्रामरीन. मिठाची पांढरी कड मात्र कागद कोरा ठेवूनच येते, रंगाने काढली की खोटी दिसते.

पावसाळ्यात कागद दमट होतो, वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, सुकता सुकत नाही. तेव्हा ओल्यावर ओला रंगच सोडतो, शेताचा हिरवा आभाळाच्या करड्यात आपसूक शिरतो. ही चित्रं सगळ्यात आधी उचलली जातात. फ्रेमला मात्र हेच दिवस वाईट : कागद काचेला टेकला की बुरशी धरलीच. मधे जाड माउंट हवाच.

मूळ चित्रं मोजकीच जातात, घर चालतं ते पोस्टकार्डं, प्रिंट आणि कॅलेंडरांवर. अलीकडे परदेशी गेलेली गावची मंडळी आपल्या घराचा फोटो पाठवून चित्र मागतात. फोटोत दार बंद असतं, त्यांना उघडं हवं असतं. मी उघडं काढून देतो. त्याचे वेगळे पैसे लावावेत, असं बायकोचं म्हणणं आहे.