सगळं आहे हो, कप तेवढे नाहीत

नॉर्थ लंडनमध्ये राहायला आलात की फुटबॉल क्लब कुठला आपला, आर्सेनल का टॉटनम, ते ठरवावंच लागतं. आमच्यासाठी ते शेजारच्या आजोबांनी ठरवून टाकलं, ते टॉटनमचे जुने सीझन तिकीटवाले, त्यामुळे विषयच संपला. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्याकडे टीम हरली की शिव्या प्लेअरला, फार तर कॅप्टनला नाहीतर सिलेक्टर्सना. इथे अख्खा स्टँड क्लबच्या चेअरमनच्या नावाने कोकलायचा, "वुई वॉन्ट लेव्ही आउट!", तेही मॅच चालू असताना.

हे डॅनियल लेव्ही २००१ पासून २०२५ पर्यंत टॉटनमचे चेअरमन होते. हिशोबाला माणूस एकदम पक्का, आणि लोकांचं दुखणं नेमकं तेच. २०१९ ला नवीन स्टेडियम सुरू झालं, ६२ हजारांच्या वर सीट, फुटबॉलचं मैदान बाजूला सरकवलं की खाली एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं, बियरचा ग्लास बुडातून भरतो (खोटं नाही सांगत), बियॉन्सेचे शो होतात. म्हणजे बंगला झकास बांधला आणि स्वयंपाकघरातले डबे रिकामे. २००८ चा लीग कप, त्यानंतर थेट २०२५!

आजोबांना एकदा विषय काढून दिला की ते थांबत नाहीत. २०१८-१९ चा सीझन त्यांच्या डोक्यात फार बसलाय, उन्हाळ्यात एक प्लेअर घेतला नाही, जानेवारीतही नाही, तरी कोच पोचेटिनोने टीम चॅम्पियन्स लीगच्या फायनलला नेली, तिथे लिव्हरपूलशी हरले, आणि सहा महिने पण झाले नाहीत तोवर त्यालाच घरी पाठवलं. त्याच्यानंतरचा कोच मोरिन्यो, त्याचं तर त्याहून भारी, २०२१ ला लीग कपची फायनल सहा दिवसांवर आलेली आणि त्याच्या हातात नारळ! मग फायनलला मँचेस्टर सिटीसमोर कोच कोण, तर २९ वर्षांचा रायन मेसन. हरलेच, अजून काय होणार. आणि २०२४ ला ज्येष्ठांची तिकिटातली सवलत कमी करायचं ठरलं तेव्हा आजोबांचा चेहरा बघायला हवा होता, स्टेडियमच्या कर्जाचे हप्ते आमच्या पेन्शनमधून फेडणार का म्हणे.

२०२५ ला टीम लीगमध्ये सतरावी आली आणि त्याच महिन्यात बिल्बाओला मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग जिंकली, असं फक्त टॉटनमच करू जाणे. हा कप जिंकून देणाऱ्या कोच पोस्तेकोग्लूलाही १६ दिवसांत काढलं. सप्टेंबरमध्ये मात्र स्वतः लेव्हीच गेले, २४ वर्षांनी. मला वाटलं आज आजोबा नक्की बियर पाजणार, तर ते शांतपणे मला क्लबची मालक असलेल्या एनिक कंपनीत लुईस कुटुंबाचा वाटा किती आणि लेव्हींचा अजून किती, ते समजावत बसले.