आधी वही, मग गाडी

विजेवरची दुचाकी घेण्यापूर्वी मी महिनाभर जुन्या स्कूटरच्या डिकीत एक छोटी वही ठेवली होती. कोठे गेलो, किती किलोमीटर झाले, मागे कोण बसले होते आणि पायाशी काय ओझे होते, एवढेच तीत लिहायचे. घरच्यांनी थट्टा केली, पण शोरूममधल्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा मला त्या वहीचाच अधिक उपयोग झाला.

मी अंबाजोगाईला राहतो आणि नोकरी परळीला आहे. जायला सुमारे 25 किलोमीटर, यायला तितकेच, आणि मध्ये बालाघाटाची उतरण. दिवसाला 50 ते 55 किलोमीटर ही माझी खरी गरज निघाली. महिन्यातून दोनदा लातूरला जाणे होते, ते मी एस.टी.ने करतो, म्हणून ते हिशेबात धरले नाही. अधूनमधून लागणाऱ्या लांबच्या प्रवासासाठी मोठी बॅटरी घेऊन तिचे पैसे रोज फेडत बसणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

विक्रेता रेंज सांगतो, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाईल ते. ती ठरावीक चाचणीतली असते. आपल्याकडे उन्हात, वाऱ्यात, ताशी 50 च्या वेगाने ती मिळत नाही. त्याऐवजी बॅटरी किती किलोवॉट-तासांची आहे, हे विचारावे. एक किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट. माझ्यासारख्याच्या वापरात स्कूटरला किलोमीटरमागे साधारण 30 वॉट-तास लागतात, असे धरले तर 55 किलोमीटरना दीड युनिटाहून थोडे अधिक लागते. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही म्हणून पाचवा हिस्सा आणि काही वर्षांनी तिची क्षमता घटते म्हणून आणखी पाचवा हिस्सा सोडला, तर तीन किलोवॉट-तासांच्या बॅटरीतून हाती 1.9 उरतात. माझ्या वहीला एवढे पुरते. दोनच्या बॅटरीने पहिले वर्ष निभावले असते, पाचवे नाही.

घाटाची भीती मात्र मला अवाजवी वाटते. गाडी आणि स्वार मिळून 200 किलो वजन 100 मीटर वर चढवायला हिशेबाने जेमतेम 0.055 युनिट लागते, मोटारीतला अपव्यय धरला तरी सपाटीवरच्या दोन-अडीच किलोमीटरइतके. चढावर प्रश्न येतो तो मोटारीच्या ताकदीचा. परवाना आणि नोंदणी न लागणाऱ्या स्वस्त गाड्यांना 250 वॉटची आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा आहे. अशी गाडी पाच टक्क्यांच्या चढावर दोन माणसे घेऊन चालणाऱ्या माणसाच्याच वेगाने सरकेल. गावातल्या गावात शिकवणीला जाणाऱ्या मुलीला ती उत्तम, परळीच्या रस्त्याला नव्हे. ‘वेगाचे कुलूप काढून देतो’ असे कोणी म्हटले, तर ती गाडी कायद्याने बिननोंदणीचे मोटार वाहन ठरते, हे ध्यानात ठेवावे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा विचार निराळाच करावा लागतो. पारा 42 च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून अधिक तापते. म्हणून मी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी पसंत केली. ती त्याच क्षमतेच्या इतर लिथियम बॅटरीपेक्षा थोडी जड असते, पण उष्णता अधिक सोसते आणि चार्जिंगच्या फेऱ्याही अधिक देते. उन्हातून आल्याबरोबर चार्जर लावायचा नाही, अर्धा-पाऊण तास गाडी सावलीत निवू द्यायची, हा नियम घरात सर्वांना पाळायला लावला आहे.

घरच्या विजेने मात्र मला अनपेक्षित धडा दिला. एप्रिलमध्ये चार्जरचा लाल दिवा लागू लागला. दोष गाडीत असेल असे समजून मी हळहळलो, पण वायरमनने पाहिले तर अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडला होता. चार बादल्या पाणी ओतल्यावर दिवा हिरवा झाला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने काढून नेता येणारी बॅटरीच पाहावी. अंगणात सॉकेट असणाऱ्याला तिची गरज नाही. सर्व्हिस सेंटर किती दूर आहे, हेही आधी विचारावे, कारण बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून न्यावी लागते.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. महिन्याला 45 ते 50 युनिटे वाढली आणि ती नेमकी 100 च्या पुढच्या महागड्या टप्प्यात जाऊन बसली. तरीही किलोमीटरला चाळीस-पन्नास पैशांच्या पुढे खर्च जात नाही. पेट्रोलला दोन रुपयांच्या वर पडत होते.

आमच्या थोरल्या बंधूंनीही माझे पाहून वही लिहिली. ते गावी शेती करतात. त्यांच्या वहीत पेंडीची पोती होती, दुधाचे कॅन होते आणि पावसाळ्यात पाणंद रस्त्याने शेतात जाणे होते, जेथे काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा गच्च बसतो की चाक फिरत नाही. लहान चाकांच्या स्कूटरचे तेथे काम नव्हते. मी म्हणालो, ‘‘दादा, सध्या मोटारसायकलच राहू द्या.’’ त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘‘मग सुनेसाठी बघू या. तिला रोज अंगणवाडीपर्यंतच जायचं असतं.’’ आता ती वही सूनबाईंकडे आहे.